आंत्रशोथ, चिरकारी : संशोधनाचा इतिहास

आतड्याच्या भित्तीला ज्ञात जंतूच्या संसर्गाशिवाय दीर्घकाळ दाहयुक्त सूज येते, व्रण पडतात आणि मधूनमधून बरे वाटून विकार पुन्हा उद्भवतो, अशा रोगांना चिरकारी (दीर्घकालीन) आंत्रशोथ म्हणतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. व्रणयुक्त बृहदांत्रशोथ हा केवळ मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराचा विकार होय. क्रोन रोग मुखापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गाच्या कोणत्याही भागात होऊ शकतो व तो भित्तीच्या संपूर्ण जाडीत पसरतो. भारतात या विकारांच्या संशोधनाचा इतिहास हा मुख्यतः त्यांना आमांश आणि आतड्याचा क्षय यांपासून वेगळे ओळखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

आयुर्वेदीय ग्रंथांतील ग्रहणी व प्रवाहिका यांची लक्षणे काही अंशी या विकारांशी जुळतात. तथापि त्या नावांखाली अनेक रोग येत असल्यामुळे तेच हे रोग असे म्हणणे धाडसाचे होईल. व्रणयुक्त बृहदांत्रशोथाचे पहिले प्रसिद्ध वर्णन सॅम्युएल विल्क्स यांनी १८५९ मध्ये लंडन येथे केले. इझाबेला बँक्स या स्त्रीच्या मृत्यूबद्दल टॉमस स्मेथर्स्ट याच्यावर विषप्रयोगाचा खटला चालला होता. तिच्या आतड्यांच्या तपासणीवरून विल्क्स यांनी ते लिहिले. पुढील काळातील तज्ञांच्या मते तिला बहुधा क्रोन रोग झाला असावा. म्हणजे नावांचा हा घोटाळा अगदी आरंभापासूनचा आहे.

ग्लासगोचे शल्यचिकित्सक केनेडी डॅल्झील यांनी १९१३ मध्ये क्षयासारख्या दिसणाऱ्या, परंतु क्षय नसलेल्या आंत्ररोगाचे वर्णन केले आणि गुरांना होणाऱ्या योने रोगाशी त्याचे साम्य दाखविले. बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग व गॉर्डन ओपेनहायमर यांनी १९३२ मध्ये न्यूयॉर्क येथील १४ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केल्यावर हा रोग क्रोन यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. योने रोगाचा जंतू क्षयजंतूच्याच वंशातील असल्याने तोच क्रोन रोगाचे कारण असावा, ही शंका दीर्घकाळ टिकून राहिली. मात्र ऑस्ट्रेलियात त्या जंतूविरुद्ध दोन वर्षे औषधे देऊन केलेल्या चाचणीत टिकाऊ लाभ आढळला नाही (२००७).

उपचारांतील पहिले यश काहीसे अनपेक्षित होते. स्वीडनमधील नाना स्वार्ट्‌झ यांनी संधिवातासाठी सल्फापिरिडीन व सॅलिसिलिक अम्लाचा घटक यांचे संयुग तयार करवून घेतले. ते बृहदांत्रशोथावर उपयुक्त असल्याचे त्यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील नेमका कोणता भाग गुणकारी, हे कळण्यास पस्तीस वर्षे लागली. बांगलादेशाचे ए. के. आझाद खान यांनी ऑक्सफर्ड येथे सिडनी ट्रूलव्ह यांच्यासमवेत दोन्ही भाग बस्तीद्वारे स्वतंत्रपणे देऊन, सॅलिसिलिक अम्लाचा घटकच कार्यकारी असल्याचे १९७७ मध्ये सिद्ध केले. त्यापूर्वी १९५५ मध्ये ट्रूलव्ह व विट्‌स यांनी २१० रुग्णांवरील चाचणीत कॉर्टिसोन या स्टेरॉइड औषधाची उपयुक्तता दाखविली होती.

भारतात मात्र हेच औषध धोक्याचे ठरू शकते. स्टेरॉइडांमुळे शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. रोग क्रोन समजून ती दिली आणि प्रत्यक्षात तो क्षय निघाला, तर क्षय पसरतो. उलट क्रोन रोग्यास महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिल्यास दरम्यान आतडे आकुंचित होऊन शस्त्रक्रियेची वेळ येते. दोन्ही रोगांत पोटदुखी, वजनातील घट व ताप असतो आणि दोहोंची आवडती जागा लहान व मोठ्या आतड्यांच्या संधीजवळ असते. एच्. डी. टंडन व आनंद प्रकाश यांनी दिल्ली येथे १९७२ मध्ये दाखविले की, क्षयात वैशिष्ट्यपूर्ण कणिकागुल्म (दाहपेशींच्या गाठी) आतड्यात न सापडता केवळ लगतच्या लसीका ग्रंथींतच सापडू शकतात. दुर्बिणीतून आतड्याचा लहानसा तुकडा काढून केलेली तपासणी म्हणूनच पुष्कळदा अनिर्णित राहते. मुंबई येथे दीपक अमरापूरकर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हाच निदानप्रश्न अभ्यासला. निदान होत नसल्यास क्षयाची औषधे सुरू करून सुमारे दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून व्रण पाहण्याची पद्धत रूढ झाली आहे. रुग्णाला नुसते बरे वाटणे हा पुरावा नव्हे, कारण क्रोन रोगातही काहींना तसे वाटते. व्रण भरले पाहिजेत.

ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या दाहकारक प्रथिनाला रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत क्रोन रोगासाठी मान्य झाले. त्यामुळे सुप्त क्षय जागृत होतो, हे २००१ मध्ये दिसून आले. त्याच वर्षी नॉड २ या जीनाचा क्रोन रोगाशी संबंध उघडकीस आला. आनुवंशिकता, आतड्यातील जंतूंची घडण, आहार व प्रतिरक्षायंत्रणा यांच्या परस्परक्रियेतून रोग होतो, असे आता मानतात. धूम्रपानाने क्रोन रोग बळावतो, पण बृहदांत्रशोथाच्या बाबतीत संबंध उलटा आढळतो. या विसंगतीचा समाधानकारक उलगडा झालेला नाही.

हा पाश्चात्त्यांचा रोग, हा समजही टिकला नाही. पंजाबातील पाहणीत दर लाख लोकसंख्येत ४४.३ बृहदांत्रशोथाचे रुग्ण आढळले (२००३). हैदराबाद येथील संशोधकांनी २०२३ मध्ये तेलंगणातील रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत आतड्याच्या तक्रारींसाठी आलेल्या ग्रामीण रुग्णांत या विकारांचे प्रमाण शहरी रुग्णांइतकेच निघाले. पूर्वी हैदराबाद संस्थानात असलेल्या मराठवाड्याला ही गोष्ट लागू पडणे संभवनीय आहे. बीड जिल्ह्यातील युसूफ वडगावसारख्या गावाला जवळचे वैद्यकीय महाविद्यालय अंबाजोगाईचे होय. ते १९७४ मध्ये ग्रामीण भागासाठी स्थापन झाले. तेथवर पोहोचण्यापूर्वी जुलाब व रक्त पडणे हे पुष्कळदा आमांश म्हणूनच उपचारले जाते, आणि सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या रक्ती जुलाबांची दुर्बिणीने तपासणी होईपर्यंत व्रण वाढत राहतात. [→ आमांश, क्षय रोग].