कातळाखालचे गवत

दिवाळीच्या पहिल्या पहाटे कारीट फोडून झाले, की आमच्या भाट्यात नव्या भाताचे पोहे खायचे असतात. पुष्कळ वर्षे हे पोहे खाताना माझा घास अडत असे. त्याचे कारण एक जुना विद्यार्थी.

2004 सालची गोष्ट. मी वर्गात महासरटांचा, म्हणजे डायनोसॉरांचा, धडा मोठ्या रंगात येऊन सांगत होतो. एका शेतकऱ्याचा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, एवढं मोठं जनावर गवत खायचं का?"

"अरे, तेव्हा गवत होतं कुठं? नेचे आणि सूचिपर्णी झाडं, एवढंच."

"पण गुरुजी, गवताशिवाय गुरं जगतात होय?"

वर्ग हसला. मीही हसलो आणि त्याला खाली बसवले. उत्तर मी पुस्तकातलेच दिले होते. पण ते हसणे माझे स्वतःचे होते.

वाचकहो, आमच्या सड्यावरचा जांभा ज्या काळ्या कातळापासून झाला, तो कातळ म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी पसरलेला लाव्हा. थरावर थर चढत गेले आणि बहुतेक महाराष्ट्र त्यांच्याखाली झाकला गेला. महासरटांचा अंतही त्याच सुमारास झाला. हे झाकण विदर्भाच्या पूर्व कडेला पातळ होत संपते, आणि तिथे त्याच्याखालचा गाळाचा खडक उघडा पडतो. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील घाटावरून त्याला 'लामेटा' हे नाव मिळाले. 1828 साली स्लीमन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला जबलपूरलाच महासरटांची हाडे सापडली होती. 1877 साली लायडेकरने त्या प्राण्याचे 'टायटॅनोसॉरस इंडिकस' असे बारसे केले.

आपल्याकडचे असे ठिकाण म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडचे पिसदुरा. तिथल्या हाडांकडे प्रथम लक्ष वेधले ते नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश पाद्र्याने. माणूस मोठा छांदिष्ट. मुलांना शिकवावे आणि सवड मिळाली की दगड धुंडावेत! 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना, बोरीजवळ ओढ्याच्या पुरात तो बुडाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे.

पिसदुऱ्याच्या शेतांत हाडांबरोबर दगडाचे गोळेही सापडतात. ती दगड झालेली विष्ठा! नाक मुरडू नका. जनावराने काय खाल्ले याची याहून खरी साक्ष दुसरी कोणती? गवत आपल्या अंगात सिलिकेचे सूक्ष्म कण साठवते. भाताच्या पातीने बोट चिरते ते सिलिकेमुळेच. पात कुजते, कण मात्र टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचे कूळ ओळखता येते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गोळे तपासले. 2005 साली त्यांनी जाहीर केले, की त्यांत निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण आहेत. इतर झाडपाल्याच्या मानाने गवत थोडे होते, पण होते! पुढे 2011 साली त्यांनी दाखवून दिले, की त्यांतले काही गवत भाताच्याच कुळातले होते.

म्हणजे मी वर्ग हसवल्याला वर्षही उलटले नव्हते, तोच त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर छापून आले होते. मला मात्र ते फार उशिरा कळले.

तो मुलगा आता स्वतःची शेती करतो. गेल्या दिवाळीला नव्या भाताचे पोहे घेऊन तो घरी आला, तेव्हा मी त्याला ही सारी हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गुरुजी, तेव्हा मी विचारलं ते अगदीच खुळ्यासारखं नव्हतं ना?"

वीस वर्षे त्याने हे मनात ठेवले होते.

"नाही रे बाबा," मी म्हणालो, "खुळ्यासारखा मी हसलो."

मग आम्ही दोघांनी बसून पोहे खाल्ले. त्या दिवशी घास अडला नाही.