चाकरमान्यांमागून आलेले मतदारसंघ

गणपती आले की ठाण्याच्या खोपट स्थानकातून कोकणाकडे एसटीच्या जादा गाड्या सुटतात. त्यांत बसणाऱ्या चाकरमान्याची घरे दोन असतात. जनगणनेत मात्र तो एकदाच मोजला जातो, बहुधा ठाण्यात. अशा लाखो नोंदींनी २००८ साली महाराष्ट्राचा राजकीय नकाशा बदलला.

मतदारसंघ आखण्याचे तत्त्व साधे आहे. शेजारशेजारचे भाग जोडून शक्यतो सारख्या लोकसंख्येचे गट करायचे. १९७१च्या जनगणनेनुसार राज्यात ५ कोटी ४ लाख लोक होते. विधानसभेच्या २८८ जागांनी भागल्यास एका जागेमागे पावणेदोन लाख येतात. ठाणे जिल्ह्याची वस्ती तेव्हा सुमारे २३ लाख. म्हणून जागा १३. हिशेब चोख होता.

पण १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने फेररचना थांबवली. लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांचे प्रतिनिधित्व घटू नये, हा हेतू. राज्याराज्यांतला तोल त्यामुळे टिकला, राज्याच्या आतला मात्र ढळला. कारखाने, लोकल गाड्या आणि मुंबईपेक्षा परवडणारी घरे यांमुळे माणसे ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे येत राहिली. २००१ साली ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवर गेली. आमदार तेच १३. म्हणजे एका आमदारामागे सव्वासहा लाख माणसे. सिंधुदुर्गात पावणेनऊ लाखांना चार आमदार होते, एकामागे सव्वादोन लाखांहून कमी. कुडाळच्या मताला डोंबिवलीच्या मताच्या जवळजवळ तिप्पट वजन होते.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१च्या आकड्यांवर नवी रचना केली. ठाणे जिल्ह्याच्या जागा १३ वरून २४ झाल्या. रत्नागिरीच्या सातच्या पाच, सिंधुदुर्गाच्या चारच्या तीन, मुंबई शहराच्या १७ च्या दहा उरल्या. लोकसभेसाठी ठाणे जिल्ह्यात दोनचे चार मतदारसंघ झाले. बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांचा राजापूर मतदारसंघ मात्र नकाशावरून गेला. त्या जागी रत्नागिरी-सिंधुदुर्ग आला.

सारखे गट पाडताना शेजारही तुटतो. कल्याण पश्चिम भिवंडी लोकसभेत गेले, कल्याण पूर्व कल्याणमध्ये राहिले. मुंब्रा-कळव्याची महापालिका ठाण्याची, खासदार मात्र कल्याणचा.

ठाणेकराला न्याय मिळाला, यात शंका नाही. तरी कोकणची बाजूही ऐकायला हवी. माणसे गेली म्हणून तिथले घाट, खाड्या, वाड्यांचे रस्ते कमी झाले नाहीत. त्यांच्यासाठी सभागृहात बोलणारे कमी झाले. रोजगार नाही म्हणून गाव सुटते, गाव सुटले म्हणून जागा जाते, आणि जागा गेली की रोजगार मागणारा आवाजही क्षीण होतो.

राज्यांच्या लोकसभा जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेल्या आहेत. त्यानंतर हाच पेच उत्तर आणि दक्षिण भारतापुढे उभा राहील. प्रत्येक मताचे मोल सारखे असले पाहिजे, हे खरेच. पण रिकाम्या होणाऱ्या मुलखाचे गाऱ्हाणे कोणी मांडायचे, याचे उत्तर भागाकारातून मिळत नाही. ते धोरणातूनच द्यावे लागेल.