वाढत्या डुकरांचा आहार : ऊर्जेचा हिशेब आणि पूरके

अमेरिकेतील आयोवा राज्याची लोकसंख्या सुमारे बत्तीस लाख आहे आणि तेथील डुकरांची संख्या त्याच्या सातपटीच्या आसपास. देशातील जवळजवळ एक तृतीयांश डुकरे या एकाच राज्यात वाढतात. उन्हाळ्यात महामार्गावरून जाताना दुतर्फा दिसणारा मका माणसाच्या ताटात थेट फारसा जात नाही. त्याचा मोठा हिस्सा इथेनॉलच्या कारखान्यांकडे आणि पशुखाद्याच्या गिरण्यांकडे वळतो. शेताच्या कडेला, टोकाला मोठे पंखे बसवलेल्या लांबट बैठ्या इमारतींत त्या मक्याचे मांस होते.

वराहपालनाच्या एकूण खर्चापैकी साठ ते सत्तर टक्के खर्च खाद्यावर होतो आणि खाद्याच्या खर्चातील सर्वांत मोठा वाटा ऊर्जेचा असतो. पूरकांच्या जाहिराती वाचल्या तर समज उलटा होतो. टनामागे काही ग्रॅम भुकटी मिसळली की वाढ भराभर होते, असे त्या सांगतात. पूरके निरुपयोगी नाहीत. परंतु एखादे पूरक फळ देते की वाया जाते, हे बहुधा मूळ आहारातील ऊर्जेचा हिशेब कितपत बरोबर आहे यावर ठरते.

हा हिशेब चार पायऱ्यांनी मांडला जातो. खाद्य जाळल्यावर मिळते ती स्थूल ऊर्जा. तीतून विष्ठेवाटे जाणारी वजा केली की पचनीय ऊर्जा उरते. मूत्र आणि आतड्यातील वायू यांवाटे जाणारी वजा केली की चयापचयी ऊर्जा, आणि पचन व पेशीनिर्मिती करताना उष्णतेच्या रूपाने उधळली जाणारीही वजा केली की निव्वळ ऊर्जा. अखेरची पायरी मोजणे कठीण असल्याने अनेक वर्षे अमेरिकेतील खाद्यतज्ज्ञ चयापचयी ऊर्जेवरच थांबत. फ्रान्समधील झ्याँ नोब्ले यांनी १९९० च्या दशकात केलेल्या कामातून तिथे थांबण्यातला धोका स्पष्ट झाला. चयापचयी ऊर्जेचे निव्वळ ऊर्जेत रूपांतर होताना स्निग्धांशातील सुमारे नव्वद टक्के आणि पिष्टातील सुमारे ब्याऐंशी टक्के हाती लागतात. प्रथिने व तंतू यांतील साठ टक्केही लागत नाहीत.

मका आणि सोयापेंड यांची तुलना केली की याचा अर्थ उमगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार किलोभर मक्याची चयापचयी ऊर्जा सुमारे ३४०० किलोकॅलरी आणि टरफल काढलेल्या सोयापेंडीची सुमारे ३३००. म्हणजे दोन्ही जवळपास सारखीच. निव्वळ ऊर्जा पाहिली तर मक्याची २६७० आणि सोयापेंडीची २०९०. तीन टक्क्यांचा फरक बावीस टक्क्यांवर जातो. जुन्या मोजमापाने आहार बसवणारा शेतकरी पेंडीतील ऊर्जेची किंमत मक्याच्या दराने मोजत असतो आणि ती ऊर्जा गोठ्यातील उष्णता होऊन पंख्याबाहेर निघून जाते.

डुक्कर साधारणपणे ऊर्जेची गरज भागेपर्यंत खाते. आहार ऊर्जेने भरलेला असेल तर ते कमी खाते, पातळ असेल तर अधिक. पन्नास किलोंच्या आतील पिलाचे पोट मात्र लहान असते; त्याला कमी ऊर्जेची भरपाई जास्त खाऊन करता येत नाही आणि त्याची वाढच खुंटते. यातून निघणारा नियम असा की इतर पोषक घटक खाद्याच्या टक्केवारीत नव्हे, तर ऊर्जेच्या प्रमाणात बसवावेत. पन्नास ते पंचाहत्तर किलो वजनाच्या जनावराच्या आहारात किलोमागे २४७५ किलोकॅलरी निव्वळ ऊर्जा धरली, तर पचनयोग्य लायसिन ०.८५ टक्के लागते. त्याच आहारात मक्याऐवजी तीन टक्के चरबी घातली की ऊर्जा २६२० च्या आसपास जाते, जनावर कमी खाते, आणि लायसिन ०.९० टक्क्यांपर्यंत वाढवले नाही तर स्नायू कमी आणि चरबी जास्त वाढते. ऊर्जा विकत घेतली खरी, पण ती पाठीवरच्या चरबीत साठवली गेली.

लायसिनचा उल्लेख आला, म्हणून पूरकांची सुरुवात त्याच्यापासूनच करावी. मक्यात त्याची मोठी उणीव असते. मक्याच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांत एक जुना आडाखा आहे : शंभर पौंड सोयापेंडीच्या जागी सत्त्याण्णव पौंड मका आणि तीन पौंड कृत्रिम लायसिन चालते. हा आडाखा पेंडीचा खर्च वाचवण्यासाठी रूढ झाला, पण वरचे आकडे लक्षात घेतले तर या अदलाबदलीने निव्वळ ऊर्जाही वाढते. अर्थात त्याला मर्यादा आहे. पेंड फार कमी केली की थ्रिओनिन, मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन यांचा तुटवडा पडतो आणि मग तीही विकत आणावी लागतात.

फायटेज या विकराची कथा निराळी आहे. मक्यातील सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो आणि तो सोडवणारा विकर डुकराच्या पचनसंस्थेत पुरेसा नसतो. तो न पचता शेणखतात जातो आणि तिथून ओढ्यानद्यांत. १९९० च्या दशकात व्यापारी फायटेज बाजारात आल्यापासून खनिज फॉस्फेटवरचा खर्चही घटला आणि प्रदूषणही. आमच्या मते आजवरच्या पूरकांत पैशाचा सर्वांत चोख मोबदला यानेच दिला आहे. तंतू फोडणाऱ्या विकरांबद्दल इतक्या खात्रीने बोलता येत नाही; गहू आणि राय यांवर आधारित आहारात ते उपयोगी पडतात, मक्याच्या आहारात त्यांचा परिणाम कधी दिसतो, कधी नाही.

इथेनॉल कारखान्यातून निघणारा सुका चोथा स्वस्त असतो, म्हणून मोहात पाडतो. पिष्ट काढून घेतल्याने त्यात प्रथिने, तंतू व तेल मक्याच्या सुमारे तिप्पट होतात. मात्र अनेक कारखाने आता त्यातले तेलही वेगळे काढतात. तेव्हा जुन्या कोष्टकातला ऊर्जेचा आकडा नव्या चोथ्याला लावू नये. शिवाय तंतूमुळे आतडी जड होऊन कत्तलीनंतरच्या मांसाचा उतारा घटतो आणि मक्याच्या तेलाने पोटाची चरबी मऊ पडते. म्हणून शेवटचे काही आठवडे चोथा कमी किंवा बंद करतात.

रॅक्टोपामाइन हे पूरक स्वतः ऊर्जा देत नाही. आहारातील ऊर्जा चरबीकडून स्नायूंकडे वळवणे हे त्याचे काम. अमेरिकेने १९९९ मध्ये त्याला परवानगी दिली. आहारात किमान सोळा टक्के प्रथिने असावीत, अशी अट त्यासोबत होती, कारण वळवलेल्या ऊर्जेला कच्चा माल लागतोच. युरोपीय संघ, चीन आणि रशिया यांनी त्यावर बंदी घातली. २०१२ मध्ये कोडेक्स आयोगाने त्याच्या अवशेषांची मर्यादा ६९ विरुद्ध ६७ मतांनी संमत केली. विज्ञानाच्या प्रश्नावर एवढ्या निसटत्या बहुमताचे निर्णय विरळाच. पुढे चीनची बाजारपेठ खुणावू लागली, तेव्हा २०१९ मध्ये टायसन व जेबीएस या मोठ्या कंपन्यांनी त्याचा वापर झालेली डुकरे नाकारण्याचे जाहीर केले. वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांची वाट युरोपात २००६ पासून बंद झाली. माणसांच्या उपचारात महत्त्वाच्या असलेल्या औषधांपुरती ती अमेरिकेतही २०१७ पासून बंद आहे.

गोवा, कोकण किंवा देशावर नातेवाइकांच्या भागीदारीत वराहपालन सुरू करू पाहणाऱ्यांना सोयाबीन-मक्याचे हे गणित दूरचे वाटेल. तिकडे हॉटेलांतले उरलेले अन्न फुकट मिळते. परंतु त्यात सत्तर ते ऐंशी टक्के पाणी असते. साठ किलोंचे डुक्कर दिवसाला सुमारे सव्वादोन किलो कोरडे खाद्य खाते. तेवढाच शुष्कांश मिळवायला असे अन्न आठ किलोंच्या घरात खावे लागते आणि भात-पोळीच्या त्या राशीत लायसिन तुटपुंजेच असते. फुकटच्या अन्नाला थोडी पेंड आणि खनिज मिश्रण यांची जोड दिल्याशिवाय जनावर विक्रीच्या वजनाला येण्यास महिनोन्‌महिने अधिक लागतात. तांदळाच्या कोंड्यात ऊर्जा भरपूर असते, पण त्याचे तेल लवकर खवट होते. दमट हवेत साठा करू नये. आणि मांसाचा अंश असलेले उष्टे अन्न किमान अर्धा तास उकळल्याविना घालू नये. अमेरिकेत १९८० पासून तसा कायदाच आहे. भारतात २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरल्यापासून तेथील पाळणाऱ्यांनाही हेच सांगितले जाते. या रोगावर औषध नाही आणि तो शिरलेल्या गोठ्यातील जनावरे मारून पुरावी लागतात.