मोबाईल कॅमेऱ्यासाठी लेन्स फिल्टर : कोणता घ्यायचा, कोणता नाही आणि वापरायचा कसा?

फिल्टर म्हटलं की आपल्याला आधी इन्स्टाग्राम आठवतं. पण आज आपण बोलणार आहोत काचेच्या फिल्टरबद्दल, जो लेन्सच्या पुढे लावतात. मी याच्या नादी लागलो ते एका फोटोमुळे.

कारेगावच्या आमच्या घरात आजोबांचा एकच फोटो आहे. काळा-पांढरा, जुना. ओल लागून तो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. ओढून काढायला गेलं तर चेहराच सोलून निघेल. शिवाय दरवर्षी तो थोडा थोडा पुसट होतोय. म्हणून मोबाईलने त्याची कॉपी काढायला घेतली. समोर उभा राहिलो की काचेत मीच दिसायचो. बाजूला सरकलो की खिडकीची पांढरी चमक नेमकी आजोबांच्या कपाळावर. ॲपमध्ये ब्राइटनेस, हायलाइट, सगळं फिरवून पाहिलं. चमक करडी झाली, पण कपाळ काही दिसेना.

ॲपमधला फिल्टर इथे का चालत नाही?

ॲप काम करतं ते फोटो निघाल्यावर. चमकेखालचा भाग सेन्सरपर्यंत पोचलाच नसेल, तर ॲप तो आणणार कुठून? एआय वापरलं तर ते तिथे अंदाजाने कपाळ रंगवून देईल, पण ते आजोबांचं कपाळ नसेल. काचेचा फिल्टर मात्र उजेड सेन्सरवर पडायच्या आधीच त्याला गाळतो. दोघांत हाच मुख्य फरक आहे.

सीपीएल फिल्टर म्हणजे काय?

सीपीएल म्हणजे सर्क्युलर पोलरायझर. प्रकाशाच्या लहरी एरवी सगळ्या दिशांनी थरथरत येतात. पाणी, काच किंवा ओल्या पानावरून तिरक्या परावर्तित झाल्या की त्या बऱ्याचशा एकाच दिशेत थरथरतात. पोलरायझर नेमकी तीच दिशा अडवतो. गंमत म्हणजे हा शोधही खिडकीच्या चमकेतूनच लागला. १८०८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ मालूस पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरचं मावळतीचं ऊन एका स्फटिकातून बघत होता. स्फटिक फिरवला तशी चमक कमी-जास्त होताना त्याला दिसली.

वापरताना हे लक्षात ठेवा:

- अगदी समोरून उपयोग नाही. समोरची दिशा ० अंश धरली, तर काचेसाठी सुमारे ५६ आणि पाण्यासाठी सुमारे ५३ अंशांवर सर्वांत जास्त फरक पडतो.
- रिंग हळूहळू फिरवा आणि स्क्रीनकडे बघा. त्याआधी स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर फोन आपोआप उजेड वाढवतो आणि फरक कळत नाही.
- आकाश गडद निळं हवंय? सूर्य तुमच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याकडे ठेवा. अल्ट्रावाइड लेन्स टाळा, आकाशात निळे-फिके पट्टे येतात.
- धातूवर चालत नाही. बाईकच्या रंगवलेल्या टाकीची चमक कमी होईल, क्रोमच्या सायलेन्सरची नाही.
- रात्री काढून ठेवा. हा फिल्टर निम्मा ते पाऊण उजेड खातो.

एनडी फिल्टर कधी लागतो?

एनडी म्हणजे लेन्सचा गॉगल. रंग न बदलता तो फक्त उजेड कमी करतो. बहुतेक मोबाईलचं ॲपर्चर कमी-जास्त करता येत नाही. त्यामुळे भर उन्हात शटर १/४००० सेकंदापर्यंत पळतं आणि वाहतं पाणी गोठल्यासारखं दिसतं.

आमच्या शिरूर तालुक्यात टाकळी हाजी आणि पलीकडे पारनेरमधलं निघोज, यांच्यामध्ये कुकडी नदीने काळ्या कातळात कोरलेले रांजणखळगे आहेत. तिथल्या पाण्याचा दुधासारखा मऊ फोटो हवा असेल, तर हिशोब असा:

- भर दुपारी १/४००० असेल तर एनडी १००० लावून साधारण १/४ सेकंद मिळतो.
- संध्याकाळी सावलीत १/२५० असेल तर एनडी ६४ पुरतो. तोच १/४ सेकंद.
- ३० फ्रेमच्या व्हिडिओला १/६० शटर बरं दिसतं. भर उन्हात त्यासाठीही एनडी ६४ घ्या.

म्हणजे एनडीच्या पुढचा आकडा जितका, तितक्या पटीने शटर हळू करता येतं. प्रो मोड आणि ट्रायपॉड मात्र हवाच. आयफोनवर लाइव्ह फोटोमधला लाँग एक्स्पोजर इफेक्टही बऱ्यापैकी काम करतो, तेव्हा आधी तो वापरून बघा. आणि फोटोसाठी शेवाळलेल्या कातळाच्या कडेला जाऊ नका!

महत्त्वाचं: एनडी लावून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे डोळ्याने बघू नका. तो त्यासाठी नसतो.

मग यूव्ही आणि रंगीत फिल्टर?

मोबाईलसाठी घेऊ नका. अतिनील किरण सेन्सरपुढचा थर आधीच अडवतो. लाल, निळा, अर्धा केशरी असले रंग ॲपमध्ये फुकट मिळतात.

विकत घेताना फसू नका

मी पहिल्यांदा ऑनलाइन एक स्वस्त किट मागवलं. त्यात सीपीएल म्हणून आलेला तुकडा नुसता काळपट प्लॅस्टिकचा निघाला. पैसे गेले. आता मी दुकानातच दोन गोष्टी तपासतो:

१. कॅल्क्युलेटर टेस्ट: दुकानदाराचा कॅल्क्युलेटर मागा. फिल्टरची पुढची बाजू कॅल्क्युलेटरच्या स्क्रीनकडे ठेवून त्यातून बघा आणि फिल्टर फिरवा. एका ठिकाणी स्क्रीन काळी झाली तर पोलरायझर खरा. झालीच नाही तर ठेवून द्या.

२. ट्यूबलाइट टेस्ट: काचेत ट्यूबचं प्रतिबिंब बघा. फिकट हिरवट-जांभळं दिसलं तर कोटिंग आहे. पांढरं झगझगीत दिसलं तर कोटिंग नाही.

क्लिप घेताना ती मेन लेन्सवर नीट बसते का बघा. ऑटो मोडमध्ये फोन गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातो, आणि तुम्ही फिल्टर फिरवत बसता! प्रो मोडमध्ये लेन्स ठरवून घ्या. क्लिप नसेल तर फिल्टर हाताने धरूनही काम होतं. घरात पोलराइज्ड गॉगल असेल तर आधी त्याची काच लेन्सपुढे फिरवून बघा, एक रुपयाही जाणार नाही.

आजोबांच्या फोटोचं काय झालं?

फ्रेम भिंतीवरून उतरवली, टेबलावर टेकवून उभी केली. मी साधारण ४० अंश तिरका उभा राहिलो, सीपीएल लावला आणि रिंग फिरवत गेलो. खिडकी विरघळल्यासारखी फिकी झाली. पूर्ण गेली नाही, पण कपाळ दिसलं आणि त्यावरचा गंधाचा टिळाही. तो आम्हा नातवंडांपैकी कुणी कधी नीट पाहिला नव्हता. तिरका आलेला फोटो स्नॅपसीडच्या पर्स्पेक्टिव्हने सरळ केला. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवली.

तर मित्रांनो, एकच फिल्टर घ्यायचा असेल तर सीपीएल घ्या. आणि तुमच्याही घरात भिंतीवर असा एखादा फोटो पुसट होत असेल, तर नदीवर जायच्या आधी त्याची कॉपी काढा. रांजणखळगे पुढच्या वर्षीही तिथेच असतील.