पलभा आणि देवबागचे ऊन

मालवणच्या दक्षिणेस, कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर वसलेले देवबाग हे मच्छीमारांचे गाव सुमारे 16 अंश उत्तर अक्षांशावर आहे. हीच गोष्ट कोकणातले जुने पंचांगकर्ते अंशांऐवजी अंगुळांत सांगत असत. दिवस आणि रात्र समान असतात त्या विषुवदिनी, सपाट जमिनीवर 12 अंगुळे उंचीचा शंकू, म्हणजे सरळ उभी काठी, रोवून ऐन मध्यान्ही तिची सावली मोजली की जे माप येते त्याला पलभा म्हणतात. देवबागची पलभा गणिताने सुमारे 3 अंगुळे 26 व्यंगुळे येते, आणि व्यंगुळ हा अंगुळाचा साठावा भाग होय.

पलभेचा सर्वांत सुटसुटीत उपयोग कोकणातल्याच नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी ‘ग्रहलाघव’ या शके 1442 (इ.स. 1520) च्या करणग्रंथात, म्हणजे ग्रहगणिताच्या व्यावहारिक ग्रंथात, केला. त्यांच्या रीतीने पलभेला 10, 8 आणि 10 तृतीयांश यांनी वेगवेगळे गुणून आलेल्या तीन संख्यांची बेरीज केली, तर देवबागसाठी सुमारे 73 पळे मिळतात, आणि एक पळ 24 सेकंदांचे असल्याने वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाचा अर्धा भाग सहा तासांहून सुमारे 29 मिनिटांनी लांबतो, म्हणजे तो दिवस जवळजवळ 13 तासांचा ठरतो. ज्या-चापांच्या, म्हणजे त्रिकोणमितीच्या, कोष्टकांवाचून, केवळ एका सावलीवरून निघालेले हे उत्तर आजच्या गणिताशी जुळते, ही गोष्ट थोर आहे.

पंचांगाने या सावलीतून वेळ काढली. तीच सावली उष्णतेचेही माप आहे. किरण तिरपे पडले की तेवढेच ऊन अधिक जागेवर पसरते आणि प्रत्येक हातभर जमिनीच्या वाट्याला कमी येते. इंग्रज ज्योतिर्विद एडमंड हॅली यांनी 1693 मध्ये निरनिराळ्या अक्षांशांवरील सूर्याच्या उष्णतेचे गणित याच तत्त्वावर मांडले. 22 डिसेंबरच्या सुमारास देवबागेत मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण साडेपन्नास अंशच वर चढतो. एक मीटर काठीची सावली 82 सेंटिमीटर पडते, मीटरभर रुंदीचा किरणपट्टा वाळूवर सुमारे 1.3 मीटर पसरतो, आणि डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत वाळूला 77 टक्केच ऊन मिळते. त्यात दिवसही 11 तासांच्या आसपासच असतो, आणि तिरप्या किरणांना हवेचा अधिक जाड थर ओलांडावा लागतो तो वेगळाच.

तरीही फाडून मीठ चोळलेला बांगडा वाळवण्यास हिवाळा वाईट नाही, कारण त्या दिवसांत आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असते. सूर्याच्या कोनाइतकेच आभाळाकडे का पाहावे लागते, हे याच गावात सर्वांत स्पष्ट दिसते. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने देवबागेत सूर्य वर्षातून दोनदा थेट माथ्यावर येतो: एकदा मेच्या पहिल्या आठवड्यात आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आरंभी. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेस पडते. गणिताप्रमाणे दोन्ही वेळी वाळू सारखीच तापावयास हवी, परंतु पहिली वेळ वैशाखातल्या भर उन्हाची असते, तर दुसरी पावसाळ्यातली, जेव्हा मासळी वाळत घालण्याजोगे ऊन सलग मिळत नाही.

भूगोलाच्या तासाला तिरपे किरण शिकविताना पृथ्वीगोलाबरोबर पलभाही हवी. त्यासाठी एक काठी, एक मोजपट्टी आणि 21 मार्चची दुपार पुरेशी आहे.