नासिक जिल्ह्यातील कांदाव्यापार

महाराष्ट्रातील कांद्याच्या उत्पादनात व व्यापारात नासिक जिल्हा अग्रेसर असून निफाड तालुक्यातील लासलगाव ही देशातील प्रमुख कांदा-बाजारपेठ समजली जाते. पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड, मनमाड, उमराणे व सटाणा ही अन्य महत्त्वाची केंद्रे होत. मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील स्थानकामुळे लासलगावचा माल दूरच्या प्रांतांत पाठविणे सुलभ झाले. श्रीलंका, बांगला देश, मलेशिया व आखाती देशांतही येथील कांदा जातो.

पीक तीन हंगामांत निघते. खरिपाचा (पोळ) व रांगडा कांदा फार काळ टिकत नाही, म्हणून तो काढणीनंतर लवकर विकावा लागतो. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळी कांदा हवेशीर चाळीत चार-पाच महिने साठवितात. साठवणीत वजन घटते, काही माल सडतो. भाव वाढण्याची वाट पाहण्याची जोखीम शेतकऱ्यासच पतकरावी लागते.

बाजारांचे नियमन होण्यापूर्वी महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ‘हत्ता’ पद्धत रूढ होती. अडत्या व खरेदीदार रुमालाखाली परस्परांची बोटे दाबून भाव ठरवीत. जवळ उभ्या असलेल्या माल-मालकास तो कळत नसे. अडत, तोलाई, हमाली यांखेरीज वजनात ‘कडता’ धरूनही त्याच्या पट्टीतून रक्कम कापली जाई. १९३९ च्या मुंबई कृषी उत्पन्न बाजार अधिनियमाने या व्यवहारांच्या नियमनास चालना मिळाली. लासलगाव बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली. पुढे महाराष्ट्र राज्याने १९६३ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. उघड लिलाव, प्रमाणित वजनमापे, परवानाधारक व्यापारी आणि विक्रेत्यास वेळेवर रक्कम ही त्याची प्रमुख सूत्रे होत.

सध्या आवारात रांगेने लावलेल्या वाहनांपुढे बोली पुकारली जाते. भाव न पटल्यास माल परत नेण्याचा अधिकार विक्रेत्यास आहे. तथापि वाहतुकीचा खर्च व मालाचे नाशवंत स्वरूप यांमुळे तो क्वचितच वापरला जातो. अमावास्येस लिलाव बंद ठेवण्याची दीर्घकालीन प्रथा लासलगावी होती. अलीकडे ती सोडण्यात आली. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद झाली. तीस व्यापाऱ्यांनी विरोध केल्याने जिल्ह्यातील लिलाव काही काळ थांबले होते.

भावाची अंतिम सूत्रे मात्र बाजाराच्या आवाराबाहेर असतात. कांदा व ऊस यांना रास्त भाव मिळावा, यासाठी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर १९८० मध्ये जिल्ह्यात रस्ते व लोहमार्ग अडविण्याचे आंदोलन केले. शहरी ग्राहकास स्वस्त कांदा मिळावा म्हणून केंद्र शासनाने सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० व डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी लादली. शेवटची बंदी मे २०२४ मध्ये उठली. निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. अशा निर्णयांनी देशांतर्गत भाव उतरतात व त्याचा भार मुख्यतः चाळीत माल राखलेल्या उत्पादकावर पडतो. उघड लिलावाने शेतकऱ्यास भाव कळू लागला. उत्पादनखर्च भरून निघेल असा भाव मिळण्याची हमी मात्र त्यातून मिळालेली नाही.