हवा-गुणवत्ता मानके : मराठवाडा

हवेतील प्रदूषकांच्या प्रमाणावर शासनाने घातलेल्या कमाल मर्यादा. भारतात हवा प्रदूषणविषयक अधिनियम १९८१ मध्ये झाला व पहिली मानके १९८२ मध्ये ठरली. १९९४ च्या मानकांत तरंगत्या धूलिकणांची वार्षिक सरासरी निवासी भागात दर घन मीटरला १४० मायक्रोग्रॅम, तर औद्योगिक भागात ३६० पर्यंत मान्य होती. कारखान्यालगत राहणाऱ्यांची फुप्फुसे जणू निराळी धरली गेली. २००९ मध्ये हा भेद काढून टाकण्यात आला. २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्मकणांना तेव्हा वार्षिक ४० ही मर्यादा घातली गेली. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा ५ आहे.

मानके न पाळणाऱ्या शहरांसाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. मराठवाड्यातील औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), जालना व लातूर ही शहरे त्यात आली. नांदेड जिल्ह्यातील बिलोलीसारखी तालुक्याची गावे त्यात नाहीत. ही निवड मापनकेंद्रांच्या नोंदींवरून होते. यादीत नसणे हा हवा शुद्ध असल्याचा दाखला नव्हे. शिवाय मानके बाहेरच्या हवेपुरती असल्याने चुलीत जळणाऱ्या पऱ्हाट्या-तुराट्यांचा घरातला धूर त्यांच्या कक्षेत येत नाही.